कोल्हारचे पानबुडे आन् निळी गोगलगाय

इहिरीत गाळ साचतो ना, तसं हे किस्से साचल्यात. उपसलं न्हाई तर डोकं सडंल माजं. ऐका. पन मधीच कुनी माज्याव हसलं तर उठून जाईन, आदीच सांगतो!

आमी तिघं कोल्हारचे पानबुडे. मी गनपा, नामा आन् इस्माईल. कुनाचा पोहरा पडला, घागर पडली, की आमाला हाक. कायदा एकच. बुडी मारली की तळाचा मूठभर गाळ घेऊन वर यायचं. मूठ रिकामी, तर बुडी खोटी!

*

एकदा पुन्याचा एक प्रोफेसर रोडला चहाला थांबला. इहिरीत वाकून बघाया गेला, चष्मा पडला. इस्माईल एका हातात चष्मा, दुसऱ्यात गाळ घेऊन वर. सायेब खूस!

फुडं दुष्काळ पडला. इहिरी आटल्या. पानबुड्याला बुडाया पानी न्हाई! तवा सायबानंच आमाला मालवनला न्हेलं. काम काय, तर समुद्रातल्या रंगीत गोगलगायी हुडकायच्या.

म्या म्हनलं, "गोगलगाय बघाया येवढ्या लांब? आमच्या मेथीत लई हायत की!"

*

पाठीला हवेचं नळकांडं, तोंडात नळी. इस्माईल पैला उतरला. जरा वेळानं लालबुंद होऊन वर, धापा टाकत. सायबानं नळकांड्याचा काटा बघितला. हवा हाय तेवढीच!

"अहो, श्वास का नाही घेतला?"

"पान्यात तोंड उघडायचं न्हाई, आसं अब्बानं शिकवलंय सायेब!"

*

मंग नामा. वर आला आन् सायबाच्या हातावर बदाककन गाळ ठिवला.

"गोगलगाय दिसली का?"

"न्हाई. पन तळ हाय!"

सायेब वराडला, "खाली कशालाही हात लावायचा नाही! नुसतं बघून सांगायचं!"

*

मंग मी. खडकाला बघतो तर करंगळीएवढी गोगलगाय! शंख न्हाई. अंग निळंशार, कड पिवळीधमक, डोक्याव दोन केशरी शिंगं. लगीन लागल्यागत नटलेली! मी पान्यातच "आयला!" म्हनलो. नळी सुटली, पोटात मीठ. शिव्या देत वर आलो. काय दिसलं ते सांगितलं, तसा सायेब होडीत नाचाया लागला. सोताच उतरून त्यानं ती बाटलीत घेतली.

माजी मूठ मातूर रिकामी. जन्मात पैल्यांदा!

*

गावात परतल्याव चावडीम्होरं सांगितलं. तात्या, म्हंजी आमच्या गावचं म्हातारं, लई खवट, म्हनलं, "निळी गोगलगाय? आन् केशरी शिंगं? मूठ दाव!"

कुठली मूठ दावू? टाळकं सनकलं माजं. "तात्या, सायेब बाटली घिऊन येनार हाय. निळी निगाली न्हाई, तर पुन्यांदा इहिरीत उतरनार न्हाई!"

*

सायेब आला. सगळं गाव गोळा. बाटली उघड्याव ठिवली. आत भाकरीच्या पिठावानी पांढरी गोळी!

"रंग कुटं ग्येला?" मी वराडलो.

"स्पिरिटमध्ये ठेवलं की जातो. दारूच ती एक प्रकारची."

तात्या म्हनलं, "मान्साचा बी जातो!"

गाव हसून लोळलं. मी पागोटं आपटलं आन् घरी ग्येलो.

*

पाऊस झाला, इहिरी भरल्या. नामाला हाका, इस्माईलला हाका. मी वट्यावर. बायकू म्हनली, "आवो, चुकलं म्हना की तात्यास्नी." म्या तांब्या फेकून मारला. भिंतीला!

मंग पोळा आला. येशीत बैलं उभी. सगळ्यांची शिंगं हिंगूळ लावून लाल. शेवटाला तात्याची जोडी आली. वाजंत्री थांबली. निळीशार शिंगं, पिवळीधमक कड, टोकाला केशरी.

मी त्या शिंगांकडं बघतच ऱ्हायलो.

तात्या खेकसलं, "बघतूस काय गाढवावानी? पोहरा पडलाय माज्या इहिरीत. उतर!"