न धुतलेलं झबलं

मांजरांचा इतका मान ठेवणारं आणि माणसांचा इतका कमी ठेवणारं माणूस माझ्या आत्याखेरीज कळमनुरीत दुसरं झालं नाही. दारात तहसीलदार आला तरी ती जागची उठत नसे, पण झोपलेलं मांजर उठवणं तिच्या लेखी पाप होतं. ऐन तरुणपणी विधवा होऊन ती आमच्या वडिलांकडे, आपल्या भावाकडे, राहायला आली. भावाच्या जिवावर जगायचं नाही म्हणून तिनं लोकांची मांजरं सांभाळायला घेतली. गावाला निघताना मांजर दिसू नये असा आमच्याकडे समज, त्यामुळं लोक आदल्या दिवशीच आपलं मांजर तिच्याकडे पोचतं करत. "मांजर आडवं जात न्हाई, तुमीच त्याच्या वाटंत येऊन राहिले," असं ऐकवून ती ते ठेवून घेई. मोबदला सूपभर ज्वारी. अट एकच, घरातल्या कुणाचं तरी अंगावरचं, न धुतलेलं कापड सोबत हवं. त्यावर झोपलं की मांजर घराकडे पळत नाही, असं तिचं म्हणणं. हळदीच्या एका अडत्यानं स्वच्छ धुतलेलं उपरणं आणलं, तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावरचा रुमालच उतरवून घेतला. बिचारा बोडक्या डोक्यानं वसमतच्या बाजारात गेला, तर याच्या घरात कुणी गेलं असं समजून चार ओळखीचे धीर द्यायला आले.

रझाकारांच्या साली अर्धं गाव पैनगंगेपल्याड, निजामाच्या हद्दीबाहेर, निघालं आणि आत्याच्या ओट्यावर अकरा मांजरं जमली. शेजारची सरू पांढरी मनी घेऊन आली. तिच्या चार वर्षांच्या पोरीनं स्वतःच अंगातलं झबलं काढून दिलं आणि उघड्या अंगानं आईच्या कडेवर बसली. वडिलांनी आत्याला चल म्हणून परोपरीनं विनवलं. "लोकं भरवशानं ठेवून गेले. त्यायला टाकून कशी येऊ?" ती म्हणाली. आम्ही तिला एकटीला सोडून गेलो, याची लाज मला आजही वाटते.

परतलो तेव्हा आत्या निम्मी झाली होती, मांजरं मात्र अकराच्या अकरा होती. स्वतः काय खाल्लं, त्यांना काय घातलं, हे तिनं कधीच सांगितलं नाही. एकेक जण येऊन आपापलं मांजर घेऊन गेला. सरू सगळ्यांत शेवटी आली, आणि एकटीच आली. पोरगी पल्याड तापानं गेली होती. मनीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"आक्का, ते झबलं हाय का?"

तहसीलदारासाठी न उठणारी आत्या उठली. झबल्यावर मनी गाढ झोपली होती. आत्यानं तिला उचलून बाजूला ठेवलं आणि झबलं सरूच्या हातात दिलं. सरूनं ते नाकाशी धरलं.

"मांजराचाच वास येतो, आक्का."

"दोघींचा हाय, बाई. हिलाबी घेऊन जा."

सरूनं मनीला त्या झबल्यात गुंडाळून नेलं. त्या दिवसानंतर आत्यानं कुणाचं मांजर ठेवून घेतलं नाही.

आत्या गेली तेव्हा आईनं तिचं लुगडं धुवायला काढलं होतं. मी ते धुऊ दिलं नाही. अजून माझ्या ट्रंकेत आहे. आता त्याला कसलाच वास येत नाही, तरी मी ते अधूनमधून काढून बघतो.