शटरवरचे दोन पोचे

गेल्या रविवारी अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या घरी गॅरेजचं शटर दुरुस्तीला काढलं. समोरचा रस्ता पुन्हा काँक्रीटचा झाला आणि घराच्या जोत्यापेक्षा उंच होऊन बसला. तेव्हापासून पावसाचं पाणी शटरखाली साचतं... तळाच्या पट्ट्या गंजून चाळणी झाल्या होत्या.

शटरची निगा हा आमच्याकडे माझा विषय. दर पावसाळ्याआधी शटर ज्या खाचांतून सरकतं ते दोन्ही बाजूंचे गाईड कोरडे पुसायचे, ग्रीस द्यायचं, जादाचं फडक्याने टिपून घ्यायचं. शेजारी जळकं इंजिन ऑइल ओततात आणि वर्षभर त्याला चिकटलेली धूळ मिरवतात. मी रसायनशास्त्र शिकवते, मला ते बघवत नाही.

दुरुस्तीला उल्हासनगरहून मनोहरभाई आले होते. त्यांनी गंजलेल्या पट्ट्या एकेक करून बाजूने सरकवत काढल्या आणि त्यांच्या वरच्या दोन पट्ट्याही काढून बघत थांबले. त्या धड होत्या, पण दोन्हींना पोचे होते. एक खोल, वाटीसारखा. दुसरा उथळ, लांबट.

"मॅडम, ये दो पण बदलून टाका. गुंडाळताना अटकणार, टक्‌टक् करणार. हातोडा मारला का कोणी?"

"बॉल लागलाय. माझ्या मुलीने टाकलेला."

"लडकी ने?" त्यांनी खोल पोच्यात अंगठा फिरवून पाहिला. "मग तर देवघरात ठेवा, मॅडम."

मनू शाळेत असताना रोज संध्याकाळी शटरवर खडूने स्टंप काढायची आणि गल्लीच्या टोकापासून धावत येऊन बॉलिंग करायची. टेनिस बॉल होता तोवर मी चालवून घेतलं. सीझन बॉल आला आणि हे पोचे पडले... मग आमची रोजची वादावादी. "आई, तुला शटर हवंय की मी?" असं एकदा तणतणत म्हणालीही होती. शटर खेळण्यासाठी नसतं, हे माझं मत आजही कायम आहे.

आता ती हैदराबादला असते. गणपतीत आली नाही, दिवाळीतही नाही. "कधी येतेस?" असं लिहिलं की "बघते" येतं, किंवा नुसता अंगठा... हल्ली मी विचारणं सोडलं आहे. गाडी काढताना शटर टक् करतं तेव्हा मात्र, खडूने पांढरे झालेले हात तसेच घेऊन ती आत शिरेल, असं उगाच वाटून जातं.

मनोहरभाईंना सांगितलं, त्या दोन पट्ट्या होत्या तिथेच बसवा. मी शेजारी उभी राहून प्रत्येक सांधा तपासला, लेव्हल लावून पाहिली, शटर पुनःपुन्हा वर-खाली करायला लावलं. काम निर्दोष होतं.

संध्याकाळी मनूला शटरचा फोटो पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही.

लगेच उत्तर आलं. अंगठा नव्हता...

"आई, चुकलंय. खोल पोचा खालच्या पट्टीवर होता. तो यॉर्कर होता. तुम्ही त्याचा फुल टॉस करून टाकलात." आणि पाठोपाठ, "तुझ्या नजरेतून सुटलंच कसं?"

जुने फोटो काढून पडताळलं. तिचंच बरोबर होतं. मी सांधे पाहत राहिले आणि पट्ट्यांची अदलाबदल माझ्यासमोर होऊन गेली. असली चूक मी विद्यार्थ्यांनाही माफ करत नाही.

मी लिहिलं, "उद्याच नीट करून घेते."

बराच वेळ ती काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत राहिलं. मग आलं, "नको. हात लावू नका. मी आले की माझ्यासमोर करू."

तारीख तिने लिहिली नाही, मीही विचारली नाही...

मनोहरभाईंच्या कानावर घातलं तर ते ओशाळले. "पाच मिनिटांचं काम आहे, मॅडम, सकाळी येऊन जातो." मी नको म्हटलं.

माझ्या घरात चुकीची बसलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत तशी राहिल्याचं मला आठवत नाही. ही राहू दिली आहे. रोज गाडी काढताना तो फुल टॉस डोळ्यांना खुपतो... आणि गाईडमधलं ग्रीस मी जरा जास्तच निगुतीने बघते.