हलगी कोणी वाजवायची

आमच्या वृद्धाश्रमात दर उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या आठवड्यात, एक छोटी जत्रा भरते. आवारातल्या चिंचेखाली मंडप घालायचा, पन्हं आणि आंब्याची डाळ करायची, नातेवाइकांना बोलवायचं आणि स्टाफनं मिळून आजी-आजोबांची करमणूक करायची. मी इथली व्यवस्थापक, त्यामुळे नियोजन माझ्याकडे. कुठल्या वर्षी काय केलं आणि काय फसलं हे मी एका वहीत लिहून ठेवते. पहिल्या वर्षी नर्स मुलींनी नाच बसवला. पुढच्या दोन रांगा झोपी गेल्या. दुसऱ्या वर्षी कराओके आणलं; ज्यांच्याकडे श्रवणयंत्रं होती त्यांनी ती काढून खिशात घातली. गेल्या वर्षी जादूगार आला. त्याचं कबूतर उडून मंडपाच्या बांबूवर बसलं आणि शेवटपर्यंत खाली आलं नाही. वहीत माझी नोंद आहे: ‘कबूतर आवडले.’

या वर्षी मी स्टाफची बैठक लवकर घेतली. आमचा आचारी म्हणाला, “म्याडम, नाचगाणं बास झालं. कोल्हापुरात ऱ्हातोय आपण. कुस्ती लावा की.”

कल्पना सगळ्यांना एकदम पटली. एका बाजूला आचारी, वजन एकशे दहा किलो. दुसऱ्या बाजूला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, जो सलाइनच्या स्टँडमागे उभा राहिला तरी दिसत नाही. थोडी झोंबाझोंबी करायची आणि शेवटी ड्रायव्हरनं आचाऱ्याला चितपट करायचं, असं ठरलं. मी लगेच कामं लिहून घेतली. जुन्या गाद्या खाली, त्यावर ताडपत्री, वर रोपवाटिकेतून आणलेली तांबडी माती. पेठ वडगावच्या जैन आजी सूर्यास्तानंतर काही खात नाहीत, म्हणून कुस्ती पाचला आणि जेवण सव्वासहाला. फेटे चार. राहिली हलगी. हलगीशिवाय कुस्ती म्हणजे आवाज बंद केलेला टीव्ही.

आमची फिजिओथेरपिस्ट म्हणाली, “हलगी आमचे कंडक्टर आजोबा वाजवतील. व्यायामाला बसले की टेबलावर बोटांनी काय वाजवतात! मी विचारलं तर म्हणाले, लहानपणी घरी वाजवायचो.”

कंडक्टर आजोबा म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले, रोज इस्त्रीचा शर्ट घालणारे गृहस्थ. जेवणाच्या हॉलमध्ये गर्दी झाली की “पुढं सरका, मागं जागा हाय” म्हणून सगळ्यांना बसवणारे. मी त्यांना विचारलं नाही. लिहिलं: ‘हलगी – कंडक्टर आजोबा’. यादी टाइप केली आणि सूचनाफलकावर लावून टाकली. माझ्या माहेरी हलगी म्हणजे फक्त जत्रा आणि मजा. ती कोण वाजवतं, कोणाला वाजवावी लागायची, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघाला नव्हता. पन्नाशीच्या बाईला तो सुचायला हवा होता.

फलकासमोर घोळका जमला. मंगळवार पेठेतले तालीम आजोबा त्यात सगळ्यात पुढे. तरुणपणी रोज तालमीत जायचे, अजून छाती काढूनच चालतात. कंडक्टर आजोबा चहाला आले तसे तालीम आजोबांनी लांबूनच हाक मारली, “काय रं, छुपा रुस्तुम निघालास की! वाजीव आता दणकून!”

सगळे हसले. कंडक्टर आजोबांनी फलक वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि चहा न घेता खोलीत गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. संध्याकाळच्या व्यायामालाही नाहीत. माझ्या डोक्यात आलं, बीपी असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ते माझ्या ऑफिसात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“म्याडम, त्या कागदावरनं माझं नाव काढा.”

“तब्येत बरी नाही का, आजोबा?”

“तब्येत झ्याक हाय.” मग म्हणाले, “आमच्या घरात दोन हलग्या हुत्या. गावात कुणाचं लगीन असू दे, मयत असू दे, जत्रा असू दे, बोलावणं आलं की वडलांनी उठायचं. ताप असला तरी उठायचं. वाजवायचं आणि मांडवाभाईर बसायचं. मी बी शिकलो, आवडायचं मला. धर्म बदलला तवा दहा-अकरा वर्सांचा आसंन मी. वडलांनी दोन्ही हलग्या भितीवरनं काढल्या आणि म्हणाले, आजपास्नं आपण कुणाच्या दारात वाजवायचं न्हाय. गावानं लई तरास दिला, पर न्हाय म्हंजे न्हाय.”

मी पेन खाली ठेवलं.

“जत्रंला माझी लेक येणार हाय. कॉलेजात शिकवती ती. तिनं येऊन फळ्यावर काय वाचायचं? तिच्या आज्यानं जे सोडलं, ते बाप वृद्धाश्रमात येऊन करतोय?”

मी म्हटलं, “आजोबा, चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं.”

“व्हय, हवं हुतं,” ते म्हणाले. ते नेहमी सरळच बोलतात.

बाहेर जाऊन त्यांच्यासमोरच मी फलकावरचा कागद काढला आणि फाडला. मग विचारलं, “तुम्हाला जत्रेत काय करायला आवडेल?” हा प्रश्न मी आधीच्या तीन वर्षांत एकाही आजी-आजोबांना विचारला नव्हता. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

“पंच करा मला. शिट्टी माझी माझ्यापाशी हाय, एसटीतली.”

ते काम झालं. पण हलगीचं राहिलं होतं, आणि दुसरं एक दुखणं मला तेव्हा कळलं नव्हतं. ते त्याच दिवशी चारच्या चहाला व्हरांड्यात कळलं. तालीम आजोबांनी नेहमीप्रमाणे शेजारची खुर्ची पुढे ओढली. “ये रं, बस.”

कंडक्टर आजोबा उभेच राहिले. “किती म्हैनं झालं आपल्याला शेजारी बसून?”

“आसतील की वीस-बावीस.”

“वीस-बावीस म्हैनं तुम्ही मला ‘अहो कंडक्टर’ म्हणत हुता. काल फळा वाचला आणि एका दिवसात मी ‘रं’ झालो व्हय?”

व्हरांड्यात सगळ्यांनी कप खाली ठेवले. मी दारात बिस्किटांचा डबा घेऊन उभी होते. पुढे जावं की मागे, कळेना. तालीम आजोबांचा चेहरा आधी लाल झाला. वाटलं, आता भांडण होणार.

“तोंडातनं आपसूक आलं वो,” ते म्हणाले.

“आपसूक आलं, त्येच तर म्हणतोय मी.”

मग तालीम आजोबा खुर्चीचे हात धरून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, गुडघे गेलेत. समोर उभे राहून म्हणाले, “चुकलं माझं. काय शिक्षा द्याची ती द्या.”

कंडक्टर आजोबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हलगी तुम्ही वाजवायची.”

“मी? अवो, मला कुठं येतंय!”

“शिकिवतो की. आठ दिवस हाईत.”

“आणि न्हाय आली तर?”

“न्हाय आली तर लोकं हसतील. त्याला तुमची छाती पुरंल.”

हसण्याची पहिली उकळी आली ती पेठ वडगावच्या आजींना. मग चहा सुरू झाला.

आमच्या स्टाफमधल्या एक मावशी शाहूवाडीकडच्या. त्यांनी भावाकडून हलगी मागवली. रोज चार ते पावणेपाच शिकवणी. कंडक्टर आजोबांची अट एकच, हलगीला ते हात लावणार नाहीत. तालीम आजोबांनीच ती उन्हात ठेवायची, कातडं ताणलं की आणायची, उजव्या हातात जाड टिपरू आणि डाव्या हातात बारीक काडी धरून वाजवायची. कंडक्टर आजोबा समोर खुर्चीत बसून तोंडानं बोल सांगायचे आणि मांडीवर बोटांनी ठेका दाखवायचे. पहिले तीन दिवस आवाज पत्र्यावर कैऱ्या पडल्यासारखा होता. “अवो, काडी हाय ती, काठी न्हाय!” “पैलवान, कुस्ती दुसऱ्याशी हाय, हलगीशी न्हाय!” असं बाहेरपर्यंत ऐकू यायचं. चौथ्या दिवशी तालीम आजोबा चिडून म्हणाले, “मास्तर, जरा दमानं घ्या!” ‘मास्तर’ हा शब्द त्या दिवसापासून सगळ्यांनीच उचलला. सातव्या दिवशी ठेका धरला गेला. फार मोठा नाही, एकच, पण स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणाऱ्या बायकांचे हात त्या तालावर चालायला लागले.

जत्रेच्या दिवशी कंडक्टर आजोबांनी फेटा स्वतः बांधला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि साडेचारपासूनच आखाड्यात उभे राहिले. लेक पावणेपाचला आली. मी तिला पुढची खुर्ची दिली. वडिलांना पाहून ती हसली आणि मोबाइल काढला.

हलगी सुरू झाली. सलामी झाली, एकमेकांची ताकद अजमावायची खडाखडी झाली. आचारी आणि ड्रायव्हर मातीत गोल फिरले, म्हातारी मंडळी खुर्चीतून अर्धी उठली. आणि ठरल्याप्रमाणे ड्रायव्हरनं नुसता खांद्याला हात लावताच आचारी आपणहून धाडकन पाठीवर पडला.

शिट्टी अशी वाजली की हलगीसुद्धा थांबली.

“नुरा हाय ही! ठरवून पडलाय त्यो! उठ!”

आचारी पडल्यापडल्या हात जोडून म्हणाला, “मास्तर, कार्यक्रमात असंच लिवलंय वो. म्याडमना विचारा.”

“म्याडमनी लिवलं म्हणून कुस्ती हुती व्हय? परत लावा!”

सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. मी कपाळाला हात लावला. कुस्तीला वीस मिनिटं दिली होती. दुसरी कुस्ती खरी झाली. दीड मिनिटात आचाऱ्यानं ड्रायव्हरला उचललं, हळूच मातीत ठेवलं आणि वर बसला. खालून आवाज आला, “उठ की लगा, जीव जाईल माझा!” पंचांनी ड्रायव्हरचे दोन्ही खांदे मातीला टेकलेत का हे वाकून पाहिलं आणि आचाऱ्याचा हात वर केला. हलगी अशी कडाडली की बाहेर रस्त्यावर दोन मोटारसायकली थांबल्या.

पन्हं वाटताना लेकीनं तालीम आजोबांना विचारलं, “तुम्ही कुठं शिकलात हो? छान वाजवता.”

“मी? ह्यो बघा, आमचा मास्तर.” मग जीभ चावून म्हणाले, “ह्ये. ह्ये आमचे मास्तर. तुमचे वडील.”

ती वडिलांकडे वळली. “बाबा, तुम्हाला हलगी येते?”

कंडक्टर आजोबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता विषय बदलतील. माझ्या हातात पन्ह्याचा ट्रे होता आणि मी तिथंच अडकले होते.

“येती,” ते म्हणाले. “तुझ्या आज्यानं सोडली, म्हणून मी वाजवत न्हाय. पर येती. बस, सांगतो.”

ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. मी दोन पेले त्यांच्याजवळ ठेवले आणि तिथून निघाले. सव्वासहाला जेवणाची घंटा झाली, पंगत बसली, दोघं आले नाहीत. त्यांना बोलवायला निघालेल्या नर्सला मी थांबवलं. दोन ताटं झाकून ठेवली आणि आभार प्रदर्शनाचं भाषण पर्समध्ये घातलं, कारण माइक त्या दोघांच्या अगदी शेजारी होता.