पोटाशी धरलेली बाटली

बाटली तासाभरात लॅबमध्ये पोचली पाहिजे आणि अंगाच्या उबेत राहिली पाहिजे, अशी सूचना होती. कोणाच्या अंगाच्या, ते लिहिलं नव्हतं. नवरा स्वतः डॉक्टर, लोकांना भूल देणारा. पण त्याच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सगळे त्याच्या ओळखीचे, म्हणून वीर्याच्या तपासणीसाठी आम्ही लंडनमधलं दुसरं हॉस्पिटल गाठलं. सकाळची ऑपरेशनं त्याला चुकवता यायची नाहीत. म्हणजे बाटली नेणार कोण, तर मी.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. लग्नाला सात वर्षं झाली होती. सासूबाईंच्या दर पत्रात माझ्यासाठी एक नवा उपास असायचा आणि मी तो मुकाट्याने करायची. त्यांच्या लेकाची तपासणी चाललीय हे त्यांना कळवायची त्याची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझीही नव्हती.

पहिल्या खेपेला बाटली मोज्यात गुंडाळून पर्समध्ये टाकली. जानेवारी महिना. लॅबमधल्या बाईंनी ती हातात घेतली आणि माझ्याकडे शाळेतल्या बाईंसारखं बघितलं. "ही तर गार पडलीय," त्या म्हणाल्या.

रिपोर्ट वाईट आला. हलणारा एकही शुक्राणू नाही. नवरा दोन दिवस धड जेवला नाही. मला मात्र आत कुठेतरी बरं वाटलं होतं. दोष पर्सचा होता, थंडीचा होता, माझ्या वेंधळेपणाचा होता. पुन्हा तपासणी होणारच होती.

दुसऱ्या खेपेला मी बाटली निऱ्यांच्या आत, परकराच्या नाडीत घट्ट खोचली. वरून स्वेटर, त्यावर ओव्हरकोट, आणि घसरू नये म्हणून कोटावरून एक हात पोटाशी. आमच्या हॅरो स्टेशनात मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन आली तीच भरलेली. मी दाराशी उभी राहिले. समोरच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या हाताकडे बघितलं, हसली आणि उठून उभी राहिली.

"तुम्ही बसा हं," ती म्हणाली. "कितवा महिना?"

मी सांगायला हवं होतं की बाई, तुमचा गैरसमज झालाय. मी म्हटलं, "तिसरा."

बेकर स्ट्रीटपर्यंत मी बसून होते. बाटली पोटाला टोचत होती आणि ती मला टोचायला हवीच होती. त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी जितकी सुखी होते तितकी पुढे फारशी कधी झाले नाही. उतरताना त्या बाईने दंडाला हात लावून "जपून जा" म्हटलं.

लॅबमधल्या बाईंनी बाटली हातात घेऊन नुसती मान हलवली. ऊब पोचली होती.

रिपोर्टमध्ये हलणारे चार सापडले. चार लाख नव्हेत, चार. एवढ्यावर टेस्ट-ट्यूबलाही यश येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. दुसऱ्या कोणाचं वीर्य घेण्याचा पर्याय त्यांनी सुचवला. नवऱ्याला ते नको होतं. मला काय हवं होतं ते मी बोलले नाही. मला मूल हवं होतं.

पुढे नव्वदच्या दशकात, एका रविवारी सकाळी, नवऱ्याने टेबलावरचं मेडिकल जर्नल माझ्याकडे सरकवलं. शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात म्हणे.

"आता एक पुरतो," तो म्हणाला.

मी चव्वेचाळीस वर्षांची होते. पाळी थांबून वर्ष होत आलं होतं. टोस्ट गार होत होता आणि आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

"आपल्याकडे चार होते," मी म्हटलं.

"तुझ्या लक्षात आहे?"

न राहायला काय झालं? हॅरो ते बेकर स्ट्रीट चौघंही माझ्या पोटाशी होते. आणि मला बसायला जागाही मिळाली होती.