क्लायमॅक्स आला, उठा

क्लायमॅक्स हा शब्द मी इंग्रजीच्या तासाला शिकलो नाही, बाबांकडून शिकलो. सिनेमा ऐन रंगात आला, खलनायकाने नायिकेला खांबाला बांधलं, की अंधारातून बाबांचा आवाज यायचा, “क्लायमॅक्स आला. उठा.” आणि आम्ही उठायचो. बाबा पुढे, चपला चाचपत आई मागे, तिच्या पदराला धरून मी. स्टँडवर गर्दी व्हायच्या आत स्कूटर बाहेर काढायची, हे बाबांचं जन्माचं तत्त्वज्ञान. कितीतरी नायिकांना तसंच बांधलेलं सोडून आम्ही प्रताप नगरला घरी येऊन जेवलोय. आमच्या बघण्यात एकही खलनायक मेला नाही. शेवटी काय झालं, ते आई दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना विचारायची.

हल्ली तर या शब्दाला काही मानच उरलेला नाही. लग्नात जावई रुसला की क्लायमॅक्स, सोसायटीच्या मीटिंगमध्ये समोसे आले की क्लायमॅक्स, आणि बातम्यांत तर प्रत्येक ब्रेकच्या आधी एक.

माझी मुलगी नववीत आहे. कॉलनीच्या नाटकात तिला काम मिळालं आणि तिथल्या दिग्दर्शकाने तिला खरा अर्थ सांगितला. ज्या क्षणानंतर माणसाला माघारी फिरता येत नाही, तो क्लायमॅक्स. शेवट वेगळा, तो त्याच्या मागून येतो. हे तिने आम्हाला जेवताना ऐकवलं. नाटकभर ती गप्प राहणार होती आणि तिचं एकुलतं एक वाक्य नेमकं क्लायमॅक्सला होतं. गाव सोडून निघालेल्या आईबापांसमोर उभं राहून तिने म्हणायचं होतं, “मी कुठंही जाणार नाही.”

“आजोबा, तुम्ही मधेच उठायचं नाही हं. माझं तेवढंच वाक्य आहे.”

“मी काहून उठीन बेटा? तुयासाठीच तं येऊन राहिलो.”

तिला ते खरं वाटलं. मला नाही.

नाटकाला सावनेरहून काका-काकूही आले. आम्ही मिळून अख्खी रांग अडवली. बाबांनी गाडी फाटकाच्या तोंडाशी लावून घेतली होती.

नाटक बरं चाललं होतं. मुलगी कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मग दिवे मंद झाले, संगीत चढलं, तिने सूप बाजूला ठेवलं आणि उभी राहिली. बाबाही उभे राहिले. मुद्दाम नव्हे, गुडघ्यांनीच परस्पर ठरवलं. त्यांच्या मागोमाग आई, काका, काकू, इतक्या वर्षांत आमच्यात मुरलेली माझी बायकोसुद्धा. सगळे अंधारात चपला शोधू लागले.

मुलीने आमच्याकडे बघितलं आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मला बाबांचा असा संताप आला, की हात धरून खाली ओढावं. तेवढ्यात ती सरळ पुढे आली आणि आमच्या रांगेकडे बघत ठणकावून म्हणाली, “कोणीही कुठं जाणार नाही!”

लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. बाबा धपकन खाली बसले, मग सगळी रांग बसली. रंगमंचावर बापाने उचललेली ट्रंक हळूच खाली ठेवली आणि लेकीला जवळ घेऊन तो रडला. पडदा पडेपर्यंत बाबा हलले नाहीत. पडदा पडल्यावरही नाही.

“बाबा, चला. गर्दी होईल.”

“थांब ना गा. घाई काय हाये?”

सभागृह रिकामं होत आलं. बाबा चष्मा पुसत आईकडे वळले.

“काय वं, आपण आजवर इतके पिच्चर पाहाले. मंग पाहून काय राहिलो होतो?”

आई पायात चप्पल सरकवत होती. वर न बघता म्हणाली, “मी तं तुमची पाठच पाहून राहिली होती जी.”