दुपारची तीस पौंड हवा

लढाई संपली आणि मी मिसरच्या वाळवंटातनं सांगलीला परत आलो, तेव्हा मला दोनच गोष्टी पक्क्या येत होत्या. एक, मोटार चालवणं. दुसरी, मोटारीच्या बाबतीत कुणाचं ऐकून न घेणं. पहिलीनं पोट भरलं आणि दुसरीनं घात केला.

कृष्णाकाठच्या एका ऊसवाल्या बागायतदारानं भाड्याची मोटार ठेवली होती. गाडी पाच माणसांची, बसायची नऊ. सांगली ते कवठे महांकाळ दिवसाला दोन खेपा. सकाळची खेप माझी, दुपारची मामांची. मामा म्हणजे माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. पाटणकडचे, साठीला टेकलेले, बारीक अंगाचे गृहस्थ. स्टँडवर सगळेच त्यांना मामा म्हणायचे. लढाईच्या कितीतरी आधीपासून ते याच मालकाच्या गाडीवर होते आणि त्यांच्या हातात कधी टायर फुटला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत. स्टँडवरची माणसं सांगायची, तीही मला ऐकू जाईल अशा बेतानं.

हवा बघायची मामांची रीत वेगळी होती. त्यांच्याजवळ बाभळीची हातभर काठी असायची. खेपेआधी गाडीभोवती फिरून चारी टायरांवर एकेक टोला हाणायचा आणि मान वाकडी करून ऐकायचं. टण्ण आवाज आला की म्हणायचे, "बोलतोय." भद्द आला की, "ह्यो बसका बोलतोय. मारा पंप." मला हसू यायचं. पलटणीतनं येताना मी हवेचं मीटर आणलं होतं. व्हॉल्व्हवर दाबलं की किती पौंड हवा आहे ते आकड्यात दिसायचं. आकडा समोर दिसत असताना काठीनं टायरला बोलतं करायचं म्हणजे काय?

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले. टायर तेव्हा परमिटावर मिळत. दुकानात तीन तऱ्हा होत्या. एक भारी, विलायती. एक हलके, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेले. आणि एक मधल्या भावाचे, ज्यांच्याबद्दल कुणालाच धड काही माहीत नव्हतं. मालकांनी बघता क्षणी मधले उचलले. "लय भारी बी नगं आन् लय हलकं बी नगं," हा त्यांचा जन्माचा नेम होता. बैल घेताना तोच आणि जावई बघताना तोच.

टायर चढले आणि चैत्राचं ऊन तापलं. सकाळी निघताना मी मीटर लावून बरोबर तीस पौंड हवा भरत असे. तीस मैल जाऊन तीस मैल परत येईपर्यंत बारा वाजत. पुन्हा मीटर लावावं तर छत्तीस! हवा भरली कुणी? कुणीच नाही. मी चक्रावलो. शेवटी आपणच आपलं ठरवून टाकलं की उन्हानं हवा फुगते, आणि ती अशीच फुगत गेली तर दुपारच्या खेपेला टायर फुटणार. वाळवंटात आम्ही काय करायचो? ऊन तापलं आणि गाडी वाळूकडे निघाली की साहेब ओरडायचा, हवा उतरवा! मग इथंही उतरवायची. मामा भाकरी खाऊन चिंचेखाली आडवे झालेले असत. तेवढ्यात मी चारी टायरांची हवा सोडून पुन्हा तीसवर आणून ठेवी. मामांच्या जिवाला धोका नको म्हणून, बरं का. त्यांना मात्र सांगितलं नाही. व्हॉल्व्हला हात लावलेला त्यांना खपत नसे, आणि वाद घालायला मला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर लावलं की पंचवीस! पाच पौंड हवा रात्रीतनं गेली कुठं? मी मालकांना जाऊन म्हणालो, "हे मधल्या भावाचं रबर रातच्याला हवा पितंय."

मालक म्हणाले, "आन् दिवसा?"

"दिवसा वकतंय."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू उन्हानं माझं डोकं फिरलं असावं. पण माझ्या अकलेची धाव तिथवरच होती. मी रोज सकाळी पाच पौंड भरायचो आणि रोज दुपारी सहा पौंड सोडायचो.

आठ-दहा दिवसांनी दुपारच्या खेपेला मागचा डावा टायर फुटला. मामांच्या हातात फुटलेला पहिला टायर. स्टँडवर जत्रा जमली. एकजण म्हणाला, उन्हात टायरवर पाणी मारत जा. दुसरा म्हणाला, खुळा हाईस व्हय, तापल्यावर पाणी मारलं तर रबर तडकतंय. तिसऱ्याचं म्हणणं, नवा टायर चढवताना खाली लिंबू ठेवलं नाही, त्याचं हे फळ. मालकांनी लिंबूही ठेवलं आणि पाण्याचा डबाही दिला. कुणाचं खरं मानावं ते मला कळेना. माझं स्वतःचं मात्र मी खरं मानत होतो.

त्यानंतर एका दुपारी मी भाकरीला बसलो होतो. मामा काठी घेऊन गाडीभोवती फिरले, थांबले, परत फिरले.

"आरं, नव्या रबराचा आवाज आसंल म्हणून इतकं दिस गप हुतो. पर चारी बसकी बोलत्यात. हवा कुणी सोडली काय?"

इथं मी "होय" म्हणायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण इतके दिवस लपवलेलं आता कसं सांगायचं? तोंडातनं निघून गेलं, "न्हाई बा."

आणि वर ताठ्यात उठून मी मीटर लावून दाखवलं. "हे बघा मामा. तीस म्हंजे तीस."

मामांनी आकडा बघितला. मग म्हणाले, "सकाळच्याला तीस म्हंजे तीस, हे खरं गड्या. पर दुपारच्याला तीस म्हंजे तीस कसं असंल?"

मला त्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. आणि अर्थ लागला नाही की माझं डोकं तापतं. मी फटकन बोललो, "आवं मामा, टायर बोलतोय झ्याक. कान गेलं तुमचं."

मामांनी कानात करंगळी घालून हलवली आणि गाडीत जाऊन बसले. त्याच आठवड्यात दुसरा टायर फुटला.

या वेळी मालक गप्प बसले नाहीत. सगळ्यांदेखत म्हणाले, "मामा, सकाळच्या खेपेला फुटत न्हाई, तुमच्याच हातात फुटतोय. ह्याचा अर्थ काय घ्यायचा मी? आता आणिक एक फुटला की किल्ली खुंटीला लावायची आन् पाटणला जायचं. जुनं माणूस म्हणून एवढं तरी थांबतोय."

मला रात्री झोप लागेना. मामांना गाडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. पाटणला लेकाची डोंगरउताराची नाचणीची जमीन, त्यात ह्यांनी उतारवयात करायचं काय? आणि माणूस सोन्यासारखा. मी नवा होतो तेव्हा या रस्त्याचं प्रत्येक वळण त्यांनीच मला शेजारी बसवून दाखवलं होतं. मी ठरवलं, काही झालं तरी मामांच्या हातात तिसरा टायर फुटू द्यायचा नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून काय केलं? दुपारची हवा तीसच्या जागी अठ्ठावीसवर आणली! करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, म्हणतात ते हेच.

मामा आता काठी मारायचे, पण ऐकून झाल्यावर माझ्याकडं बघायचे. "कसा बोलतोय रं?" ज्या माणसानं जन्मभर स्वतःच्या कानानं हवा मोजली, तो मला विचारत होता. मी म्हणायचो, "झ्याक बोलतोय मामा. जावा बिनघोर."

चौथ्या दिवशी कवठ्याच्या अलीकडच्या उतारावर टायर फुटला आणि गाडी चरात गेली. कुणाला लागलं नाही. एका बाईचं तेलाचं मडकं फुटलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मामा पायी आणि बैलगाडीनं आणि मिळेल त्यानं सांगलीत आले, मालकांच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाले, "तुमी नका काय बोलू. माझं कानच गेलं मालक. ह्यो पोरगा सांगत हुता." मी तिथंच उभा होतो. जाताना मामांनी फुटलेला टायर मागून घेतला. म्हणाले, चपला होतील.

मग दोन्ही खेपा माझ्या. परमिटाचा नवा टायर आला, तोही मधल्याच भावाचा. दोन्ही खेपांना मीच असल्यामुळे हवा सोडायला आता चोरीही नव्हती. सहा दिवस गेले आणि सातव्या दिवशी, भर दुपारी, त्याच कवठ्याच्या माळावर धाडकन आवाज झाला. खाली उतरून मी फाटलेल्या टायरकडं नुसता बघत राहिलो. वरचा जादा टायर आदल्याच आठवड्यात चढवलेला, म्हणजे बदलायला काही नव्हतं. टायरमध्ये गवत कोंबून गाडी नेता येते, पण त्या माळावर गवत कुठलं? मेंढरं घेऊन बसलेल्या एका धनगरानं आपलं फाटकं घोंगडं दिलं. फाडून कोंबायला लागलो, तसा गाडीतला एक उतारू मदतीला आला. पलटणीच्या कारखान्यात मिस्त्री होता, सुट्टीवर गावी चालला होता.

त्यानं टायरला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "हवा किती हुती?"

मी अभिमानानं सगळं सांगितलं. सकाळचे तीस, दुपारचे छत्तीस, माझी युक्ती, आणि मिसरच्या वाळवंटात साहेब काय सांगायचा ते.

त्यानं टायरची फाटलेली कड उलटून बघितली. मग म्हणाला, "आन् वाळूतनं भाईर आल्यावर साहेब काय सांगायचा?"

मी आठवायला लागलो. वाळूतनं बाहेर आलं की पंपाची गाडी यायची. दुसरी माणसं हवा भरायची. आम्ही ड्रायव्हर तेवढ्यात सावलीला चहा प्यायचो.

"वाळूत रुतू नये म्हणून हवा काढायची असती मर्दा," तो म्हणाला. "उनासाठी न्हाई. हवा कमी झाली की टायर चुरगळत पळतोय, चुरगळला की आणिक तापतोय आन् फाटतोय. दुपारची ती चढलेली हवा चढलेलीच ठेवायची असती. तिला हात लावायचाच न्हाई."

दुपारच्याला तीस म्हंजे तीस कसं असंल? मामांनी हेच विचारलं होतं. काठीनं, कानानं, कुठल्याही पलटणीत न जाता त्या माणसाला बरोबर ऐकू येत होतं. मी मटकन खाली बसलो. मिस्त्रीला वाटलं ऊन लागलं. त्यानं माझ्या डोक्यावर पाणी ओतलं.

मालकांना त्याच दिवशी सांगितलं. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "झालं ते झालं. म्हातारं माणूस, कवातरी थांबणारच हुतं. तू आता हवा काढू नगं म्हंजे झालं." मी हवा काढायची सोडली. त्यानंतर सबंध उन्हाळा एक टायर फुटला नाही, आणि स्टँडवर माझी वाहवा झाली. ती सुरू झाली की मी गाडीखाली शिरायचो.

पाटणला जायला मात्र दसरा उजाडला. शरम, दुसरं काय. एक भाडं तिकडचं मिळालं तेव्हा उतारूंना गावात सोडलं आणि गाडी मामांच्या घरासमोर उभी केली. मामा अंगणात बसले होते. पायात टायरच्या चपला. मला बघून तोंडभर हसले. आतनं सून आली आणि त्यांच्या कानाशी वाकून एवढ्या मोठ्यानं ओरडली की माझे कान दुखले, "सांगलीचं पावणं आल्यात! पावणं!"

मी चहाला थांबलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. हवा, मीटर, खोटं बोललो ते, अठ्ठावीस पौंड, सगळं. म्हणालो, "मामा, पायताण काढा आन् हाणा मला."

मामा उठले. पायताण काढलं नाही. घरात जाऊन काठी आणली. गाडीभोवती एक फेरा घातला, चारी टायरांवर टोला दिला. पुढच्या उजव्याजवळ परत आले, आणखी एकदा मारला आणि मान वाकडी केली.

"ह्यो कमी हाय," म्हणाले.

मी खिशातनं मीटर काढलं, लावलं. खरंच कमी होता, दोन पौंड.

मामांनी वाकून मीटरचा आकडा बघितला. मला वाटलं, आता बोलतील. आता शिवी देतील, नाहीतर रडतील. मी दोन्हीला तयार होतो.

"म्हंजे ऐकू येतंय मला," ते हळूच म्हणाले. मग माझा दंड धरून त्यांनी मला दाराकडं वळवलं. "तेवढं घरात सांगून जा बाबा. मीच सांगितलं हुतं कान गेलं म्हणून. सा म्हैनं झालं, समदी माझ्यासंगं वरडूनच बोलत्यात. नातवंडं तर बोलायचीच थांबली."