कुंजो भिया पडद्यावर मरतो तेव्हा

देवासला टेकडीखाली आमचा कराटेचा क्लास आहे. प्रॅक्टिस संपली, चहा आला, की विषय कुठलाही असो, गाडी कुंजोवरच येते! जुने किस्से सांगून होतात न होतात, तोच हा पठ्ठ्या सुट्टीत नवे घेऊन हजर.

कुंजो आमच्या क्लासचा ब्लॅक बेल्ट. वडील मणिपूरचे, फौजी. आई इथलीच, मराठी. मुंबईत सिनेमात काम करतो. चेहरा वडिलांचा, म्हणून रोल कायम एकच: परदेशी गुंड! हिरोच्या हातून मरायचं. "यार, एकदा तरी जिवंत घरी जाणारा माणूस करायचाय," एवढंच त्याचं मागणं.

*

पहिलंच शूटिंग. 'अ‍ॅक्शन' म्हटल्याबरोबर कुंजो हिरोपुढे कमरेत वाकला. क्लासची सवय, लढायच्या आधी नमस्कार! डायरेक्टर किंचाळला, "अबे, मारायला आलायस की मुलगी बघायला?"

*

एकदा धारच्या पुढे जाताना तिरल्याला चहाला थांबलो. चहावाला कुंजोला निरखून म्हणाला, "कहाँ के हो, भिया?"

"देवास के."

"नहीं, ओरिजनल कहाँ के?"

"ओरिजनल? माताजी की टेकरी के पीछे के!"

*

पिक्चरमध्ये मेला, की घरी आल्यावर काकू, म्हणजे त्याची आई, मीठमोहऱ्या-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढणार. शेगडी धरायची ड्यूटी वडिलांची. मिरच्यांचा ठसका लागला की फौजीसाहेब खोकत म्हणतात, "इससे तो बॉर्डर अच्छी थी!"

*

मग एक मराठी पिक्चर आला. ऑडिशनला कुंजो हिरोचे डायलॉग असे काही बोलला, की डायरेक्टर खूश! म्हणाला, "आवाज घेतो. चेहरा नाही चालणार." हिरो दिल्लीचा, त्याला मराठीचा गंध नाही. कुंजोनं त्याला आवाज द्यायचा, आणि पडद्यावर मुका गुंड होऊन त्याच्याच हातून मरायचं!

माझं डोकंच फिरलं. "नाही म्हण ना!" मी ओरडलो. तो म्हणाला, "केलंय काम. आईला मात्र आवाजाचं सांगू नकोस."

इथल्या मराठी मंडळींनी खास शो ठेवला. कुंजो मुंबईत, म्हणून काकूंना मी घेऊन गेलो. लेकाची मारामारी सुरू झाली की काकू डोळे गच्च मिटून घेतात. त्या दिवशीही मिटले. धडाधड आवाज झाले, गुंड कोसळला, संपला. मग हिरोनं घराचं दार लोटलं.

"आई, मी आलो गं!"

काकूंनी डोळे तसेच मिटलेले ठेवून माझा हात घट्ट धरला.

"वाचला रे! वाचला माझा कुंज्या!"